ब्रश डब्याच्या कडेला पुसू नका

तुमचा प्रश्न वाचताना मान आपोआप डोलत होती. गॅलरीचं ग्रिल, काळा ऑइल पेंट, एक इंची ब्रश. रंग दांड्यावरून मनगटापर्यंत ओघळतो, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर थेंब पडले, दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण नीट बसेना आणि आत जाड साय धरली. दुकानदार म्हणतो, थिनर वाढवा. तुम्ही विचारलंय की ब्रशवरचा जास्तीचा रंग काढायचा तरी कसा.

पॉलिश पेपर, गंज काढणं, रेड ऑक्साइडचं अस्तर, हे सगळं झालंय असं धरून चालतो. मी धंदेवाईक रंगारी नाही. शिवाय हे सगळं साध्या सिंथेटिक इनॅमलबद्दल आहे, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो त्याबद्दल. दोन डबे मिसळून लावायच्या रंगांना यातलं काही लावू नका.

तुमची दुखणी तीन दिसतात, पण सगळ्यात मोठं मूळ एकच आहे: ब्रश डब्याच्या कडेला पुसणं. सगळे तेच करतात, कारण कड समोर असते. पण रंगाच्या पत्र्याच्या डब्याची कड ही पुसण्याची जागा नाही. तिला गोल खाच असते आणि झाकण त्या खाचेत घट्ट रुतून बसतं. तुम्ही ब्रश पुसता तेव्हा निम्मा रंग आत जातो, निम्मा खाचेत साठतो. खाच भरली की रंग बाहेरच्या अंगाने खाली उतरतो. मग तुम्ही डबा उचलता तेव्हा बोटं भरतात, ती बोटं ब्रशच्या दांड्याला लागतात, आणि डबा ठेवाल तिथे लादीवर गोल उमटतो.

काम संपल्यावर खाचेतल्या त्या रंगावर झाकण ठेवून वर हातोडी मारली की रंग पिचकारीसारखा बाहेर उडतो. उरलेला खाचेत वाळतो. पुढच्या वेळी झाकण त्या वाळलेल्या थरावर बसतं, खाचेत उतरत नाही. आपल्याला वाटतं बसलं, पण फट राहिलेली असते. ऑइल पेंट नुसतं टर्पेंटाइन उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. म्हणून फटीतून हवा जात राहिली की वर साय येतेच. अर्धा रिकामा डबा असेल तर आतच भरपूर हवा असते, तिथे आणखी लवकर.

आता दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. माझं सगळ्यात जास्त नुकसान याच एका वाक्याने केलंय, म्हणून थोडं चिडूनच लिहितो. साय मोडून आत ढवळायची आणि वरून थिनर ओतायचं, हे कधीही करू नका. साय परत विरघळत नाही. तिचे बारीक तुकडे होतात, ते ब्रशच्या केसांत अडकतात आणि ग्रिलवर कण कण होऊन बसतात. आणि थिनर वाढवून पातळ झालेला रंग ब्रशवर थांबतच नाही, म्हणजे मूळ तक्रार दुप्पट. या पद्धतीने चार लिटरचा निम्म्याहून जास्त डबा वाया गेल्यावर ग्राहकसेवेला फोन केला, तर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा बॅच नंबर लिहून घेतला आणि शेवटी उत्तर आलं, "डबा उघडलेला आहे, आता आम्ही काही करू शकत नाही." खाच पुसून मग झाकण लावा, एवढं एक वाक्य एकालाही सांगता आलं नाही. असो.

तुमच्या डब्यातली साय अशी काढा: सुरीचं टोक कडेने गोल फिरवून ती भिंतीपासून सोडवा, दुधावरची साय काढतो तशी अख्खी उचला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. मग खालचा रंग तळापासून ढवळून, जुन्या नायलॉनच्या पातळ कापडातून दुसऱ्या डब्यात गाळून घ्या. टर्पेंटाइन लागलंच तर लिटरला 50 मिलीपासून सुरुवात करा आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणाच्या पुढे जाऊ नका. ढवळायची काडी वर उचलली की आधी अखंड धार पडावी आणि शेवटी थेंब. पाण्यासारखी धार लागली तर हात चुकला. आणि "थिनर" म्हणून मोघम काही घेऊ नका. या रंगाला टर्पेंटाइन चालतं, एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोजच्या रंगांचं) नाही. एनसी थिनरचा रंग जुन्या ऑइल पेंटवर मारलात तर खालचा थर सुरकुततो.

आता मुख्य काम. मोठ्या डब्यात ब्रश बुडवायचाच नाही. एक लिटरचा रिकामा, स्वच्छ डबा घ्या आणि त्यात जेमतेम दीडशे मिली रंग घ्या. ओतून नव्हे, ओतलात तर खाच पुन्हा भरते. स्वयंपाकघरातून बाद झालेला डाव किंवा पळी वापरा. दीडशे मिलीत रंगाची उंची साधारण अर्धा-पाऊण इंच होते, म्हणजे ब्रश तळाला टेकला तरी केस त्याहून जास्त बुडत नाहीत. "एक तृतीयांशच बुडवा" हे सगळे सांगतात, पण काम करताना ते लक्षात कोणाच्या राहतं? डब्यातच कमी रंग असला की लक्षात ठेवायची गरज उरत नाही. संपला की आणखी एक पळी. थोडा रंग वाऱ्याने लवकर दाटतो हे खरं, पण पळीभर दाटलेला रंग गेला तरी चालतो, डबाभर गेलेला चालत नाही.

या कामाच्या डब्याला आडवी तार लावा. कडेपासून अर्ध्या इंचावर खिळ्याने समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवा, बाहेरून पक्कडीने पीळ द्या आणि टोकं खाली दुमडा, नाहीतर तीच बोटात घुसतात. तार बरोबर मधोमध नको. एका बाजूला सरकवून लावा, म्हणजे मोठ्या भागात ब्रश मोकळा बुडतो. तार ताठ हवी. सैल असली की ब्रश ओढताना खाली दबते आणि सुटताना टणकन वर येऊन तोंडावर शिंतोडे उडवते. सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर ऑइल पेंटला चालते. भिंतीचा पाण्यातला रंग असेल तर ती गंजते आणि फिक्या रंगात तांबूस रेघा सोडते, तिथे जीआय (जस्ताचा मुलामा असलेली) तार घ्या. तारेऐवजी रबरबँड लावायची युक्ती व्हिडिओंत दिसते. पाण्याच्या रंगात ठीक आहे, पण टर्पेंटाइनने रबर फुगतं आणि ऐन कामात तुटून रंगात पडतं.

ब्रश वर काढला की आधी डब्याच्या आतल्या भिंतीवर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने हलकेच टेकवा. आपटायचं नाही, घासायचंही नाही. टेकवल्याने रंग केसांच्या आत राहतो आणि बाहेर लोंबणारा तेवढा सुटतो. सपाट दारासाठी इतकं पुरतं. ग्रिलसाठी यानंतर एक बाजू तारेवरून सावकाश ओढा. डोक्याच्या वरचं काम असेल तर दोन्ही बाजू. कडेला खसाखसा पुसलं की केसांत हवेचे बुडबुडे भरतात, आणि वॉर्निशमध्ये ते फुटून टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे राहतात. जास्तीचा रंग काढायचा म्हणजे ब्रश कोरडा करायचा नाही. नेमका किती राहिला पाहिजे? ब्रश आडवा धरून तीन मोजा. टोकाशी थेंब जमला पण सुटला नाही, तर बरोबर. जमलाच नाही तर तुम्ही जास्त पुसताय आणि ग्रिलवर रेघा उठणार.

डब्याच्या खाचेत खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा, रंग आपोआप आत गळेल, असा एक सल्ला हमखास मिळतो. झाकण भोकांवर बसत असल्याने फार बिघडत नाही म्हणतात. मला तो पटत नाही. भोक पाडताना पत्र्याचा कीस रंगात पडतो आणि भोकाच्या उघड्या कडेला गंज धरतो. कामाच्या डब्याला हवी तितकी भोकं पाडा, साठवणीच्या डब्याला नको.

मनगटापर्यंत ओघळण्याचं कारण थोडं वेगळं आहे. ब्रश खोल बुडाला की रंग केसांतून वर चढून केस धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीच्या आत जातो. तुम्ही ग्रिलच्या वरच्या दांड्यांसाठी ब्रश उलटा धरला की तोच ब्रशच्या दांड्यावरून खाली येतो. यावर उपाय आधीच करायचा: काम सुरू करण्यापूर्वी ब्रश टर्पेंटाइनमध्ये पट्टीपर्यंत भिजवून कापडात दाबून पुसून घ्या. पट्टीजवळचे केस आधीच ओले असले की रंग वर चढायला जागा उरत नाही, आणि संध्याकाळी धुतानाही तिथला रंग सुटतो. पाण्याच्या रंगाला हेच पाण्याने. नवा ब्रश असेल तर त्याआधी तळहातावर आपटून सुटे केस झाडा. एवढं करूनही ग्रिलच्या वरच्या दांड्यांसाठी ब्रशच्या दांड्याच्या गळ्याशी चिंधीची दोन वेटोळी बांधा. प्लास्टिकचा बॉल अर्धा कापून त्यातून दांडा घालतात तेही चालतं, पण ग्रिलच्या चौकोनात तो बॉल सारखा अडकतो.

ग्रिलवर थेंब कुठून सुटतात ते जवळून पाहा. आडव्या दांड्याची वरची बाजू रंगवली की रंग दोन्ही कडांनी खाली उतरतो आणि दांड्याच्या पोटाला रांगेने थेंब होऊन लोंबतो. चादरीवर पडले ते हेच असणार, ब्रशचे नव्हेत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोपरे आणि जोड, जवळजवळ रिकाम्या ब्रशने. मग दांड्याचं पोट, शेवटी वरची बाजू. दोन-तीन दांडे झाले की मागे येऊन रिकामा ब्रश पोटाखालून एकदा लांब फिरवा, लोंबणारं सगळं त्यात येतं. फार वेळाने मागे येऊ नका. रंग ओढायला, म्हणजे चिकट व्हायला, लागल्यावर ब्रश फिरवलात तर ओरखडे उमटतात. उन्हाने तापलेल्या ग्रिलवर तर काम करूच नका, रंग लावता लावताच ओढतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या, दुसरा दुसऱ्या दिवशी.

खाली नुसतं वर्तमानपत्र अंथरू नका, ऑइल पेंट त्यातून पाझरतो. खाली प्लास्टिक आणि त्यावर वर्तमानपत्र, म्हणजे कागद शोषतो आणि प्लास्टिक अडवतं. नुसत्या प्लास्टिकवर पडलेला थेंब ओलाच राहतो आणि चपलेबरोबर घरभर जातो.

काम थांबवताना ब्रशमधला रंग आधी डब्यात परत करा. लांबी (पुट्टी) लावायच्या पट्टीची पाठ केसांवरून, ब्रशच्या पत्र्याकडून टोकाकडे दाबत न्या, दोन्ही बाजूंनी, कामाच्याच डब्यावर. बरेच जण थेट टर्पेंटाइनमध्ये बुचकळतात आणि मग ते लगेच काळं झालं म्हणून बाटलीच्या बाटली संपवतात. आधी डब्यात, मग वर्तमानपत्रावर रंग उमटेनासा होईपर्यंत, आणि मगच टर्पेंटाइन. तेही एकदम नाही, तीन वाट्यांत 50-50 मिली. पहिल्या वाटीत घाण, दुसरीत कमी, तिसरी जवळजवळ स्वच्छ. प्रत्येक वाटीनंतर ब्रशचा दांडा दोन तळव्यांत धरून रवी घुसळतो तसा फिरवा, पण खोल बादलीच्या आत तोंड खाली करून, किंवा पिशवीत. झटकू नका. झटकलेले थेंब नेमके तुम्ही न झाकलेल्या भिंतीवर जातात. वाट्यांमधलं टर्पेंटाइन बाटलीत भरून दोन दिवस ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं पुढच्या वेळी धुवायला चालतं. मोरीत ओतू नका. दुसऱ्या दिवशी परत काम असेल तर धूतसुद्धा बसू नका. ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, हवा काढून, दोऱ्याने बांधून ठेवा.

जवसाचं तेल किंवा तेल असलेलं वॉर्निश पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. आणि तुमची इमारत जुनी असेल तर ग्रिलचा आधीचा रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत काय आहे ते बघून कळत नाही. हातांना सुरुवातीलाच खोबरेल तेल चोळून ठेवा आणि नंतर खोबरेल तेलानेच रंग काढा. हात टर्पेंटाइनने धुणारे लोक मला कधी कळले नाहीत.

मोठा डबा बंद करताना खाच चिंधीने कोरडी पुसा, रंगाच्या पृष्ठभागावर डब्याच्या मापाचा प्लास्टिकचा गोल टेकवून ठेवा, झाकणावर लाकडाची फळी ठेवून फळीवर ठोका. निम्म्याहून कमी उरला असेल तर सरळ काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा.

राहिली खालच्यांची चादर. सुती असेल आणि डाग अजून चिकट असेल तर साबण लावायच्या आधी डागाखाली जुनं कापड ठेवून उलट्या बाजूने टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपा, चोळू नका, खालचं कापड बदलत राहा, मग साबण. सिंथेटिक असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा. डाग वाळून कडक झाला असेल तर त्यांना नवी चादर घेऊन द्या, आणि दुसरा हात देण्याच्या आदल्या संध्याकाळी दोरी रिकामी ठेवायला सांगा.