कॅमेऱ्याची मेसेंजर बॅग रोज ऑफिसला वापरली तर किती वर्षं टिकते? खांद्याचे हाल होतात का?

"दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते" असं कुणीतरी लिहिलेलं दिसलं की माझं डोकं सटकतं, म्हणून लिहितोय. माझी मेसेंजर, म्हणजे एकाच लांब पट्ट्याची खांद्यावरची बॅग, पहिल्या डीएसएलआर कॅमेऱ्यासोबत घेतलेली. तो डीएसएलआर विकला, नंतर घेतलेला मिररलेस पण आता जुना झाला, बॅग तीच. डबा, छत्री, चार्जर, कॅमेरा सगळं एकाच बॅगेत.

कापड सहसा जात नाही हो. कॉर्ड्युरा (जाड, चिवट नायलॉन) किंवा जाड कॅनव्हास असेल तर कडा घासतात, रंग उडतो, बाकी काही होत नाही. जातं ते आतलं कोटिंग, आणि त्याबद्दल विकणारा अवाक्षर काढत नाही.

माझ्या बाबतीत झालं असं की लेन्सवर पांढरट कोंडा दिसायला लागला. आधी फंगसच (बुरशी) वाटलं, घाम फुटला. पण पुसला की जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. मग आतले कप्पे पाडणारे डिव्हायडर बाहेर काढून फ्लॅप उलटा केला तर आतलं वॉटरप्रूफ कोटिंग पापुद्रे सुटून पडत होतं, बोट लावलं तर अर्धवट वाळलेल्या डिंकासारखं चिकट, आणि वास विचारू नका, सरळ ओकारीचा. दादा (माझा थोरला भाऊ, बॅकपॅकचा कट्टर भक्त) म्हणाला, "टाकून दे आता, मी तेव्हाच सांगितलं होतं बॅकपॅक घे म्हणून." जसं काही बॅकपॅकचं कोटिंग सोन्याचं असतं.

तर ते कोटिंग म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतल्या ओलाव्याने त्याचं हायड्रोलिसिस होतं, म्हणजे तुम्ही बॅग वापरा नाहीतर ठेवून द्या, ते हळूहळू तुटतच असतं, दमट बंद जागेत तर जास्तच. पण म्हणून बॅग बाद होत नाही. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकेक कप्पा घासला, जिथे जाड थर होता तिथे जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडला, कोपऱ्यांतून तर काडीला फडकं गुंडाळून. (आधी कोपऱ्यात थोडंसं लावून बघा, काही कापडांचा रंग जातो. आणि खिडक्या उघड्या ठेवा.) मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवली. कंटाळवाणं काम आहे, सुट्टी खाल्ली त्याने. पण वास गेला, कोंडा गेला, आणि बॅग उलट मऊ झाली, अंगाला जास्त चांगली बसते. वॉटरप्रूफ मात्र राहिली नाही, त्यामुळे रेन कव्हर कायम पुढच्या खिशात.

आता मजा ऐका. दादाचा बॅकपॅक "खराब होऊ नये" म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेला असायचा. एकदा प्रवासाला काढला तर तोच वास, तोच चिकटपणा. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण फार नाही.

बाकीचं थोडक्यात. वेल्क्रोत धागे आणि केस अडकून पकड जाते, टाचणीने ओढून काढा, जुना टूथब्रश फिरवा, परत नव्यासारखं धरतं. शांत हॉलमध्ये त्याचा चर्रर्र आवाज होतो, तेवढ्यासाठी आवाज बंद करायची सोय असलेली थिंक टँक कंपनीची रेट्रोस्पेक्टिव्ह बॅग मिळते. पट्ट्याची फिरती कडी अधूनमधून बघत जा, धातू घासून बारीक झाला असेल तर लगेच बदला. प्लास्टिकची कडी असेल तर मी वाटच बघणार नाही.

खांद्याचं म्हणाल तर हिशोब करा. सोनीची ए-सेव्हन-थ्री बॉडी (नुसता कॅमेरा) ६५० ग्रॅम, २४-७० जीएम लेन्सची पहिली आवृत्ती ८८६, ७०-२०० जीएम लेन्सची पहिली आवृत्ती १४८०, झाले तीन किलो, त्यात एम-वन मॅकबुक एअर लॅपटॉप १.२९ किलो, आणि बॅगेचं स्वतःचं वजन वेगळंच. हे एका खांद्यावर रोज नेलं तर दुखणारच, बॅगेला काय शिव्या घालता? एक बॉडी, दोन छोट्या लेन्स, बास. पट्टा आडवा घाला, बॅग कमरेच्या वर राहील इतका आखूड करा, खांदा बदलत राहा. जिम डोम्के हा फिलाडेल्फियाचा प्रेस फोटोग्राफर, त्याने १९७० च्या दशकात स्वतःच्या कामासाठी डोम्के बॅग बनवली, नरम कॅनव्हासची, फोम नावालाच. अंगावर असतानाच हात घालून लेन्स बदलायची, हाच मुद्दा. बॅकपॅकवाला तेवढ्या वेळात जमिनीवर बॅग ठेवायला कोरडी जागा शोधत असतो.

अर्थात मानेचं किंवा पाठीचं दुखणं आधीपासून असेल, किंवा दिवसभर डोंगर चढायचा असेल, तर दादाचं बरोबर आहे, बॅकपॅक घ्या. (हे त्याला दाखवू नका.) आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवू नका, फोम ओलावा धरून ठेवतो, मग खरंच फंगस येतं. ड्राय बॉक्समध्ये (ओलावा कमी ठेवणारी बंद पेटी) ४०-५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. सायकलने जाणार असाल तर कमरेला बांधायचा जादा पट्टा असलेलीच मेसेंजर बघा, नाहीतर वाकलं की बॅग घसरून पोटावर येते.