उल्का, अग्निगोल की अशनी?

प्रश्न असा आहे: रात्री शुक्रापेक्षा कितीतरी झगझगीत गोळा आकाशातून सरकत गेला आणि शेवटी फुटून विझला. याला उल्का म्हणावं, उल्कापात की अशनी?

'उल्का' बरोबरच आहे. नेमका शब्द हवा असेल तर 'अग्निगोल'. संस्कृतात उल्का म्हणजे मशाल, पेटतं कोलीत. म्हणजे हे नाव दगडाचं नाही, उजेडाचं आहे. अवकाशातला खडा सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने वातावरणात घुसतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, खड्याचीही वाफ होते आणि ती रेघ आपल्याला दिसते. बहुतेक उल्का जमिनीपासून ऐंशीएक किमीवरच विझतात. म्हणून 'उल्का सापडली' हे वाक्य चुकीचं. उजेड सापडत नाही.

शुक्राइतकी, म्हणजे उणे ४ प्रतीची किंवा त्याहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल (प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा जितका कमी तितकं तेज जास्त). अडचण एवढीच की स्फोटाच्या बातम्यांतही हाच शब्द येतो. संदर्भ स्पष्ट नसेल तिथे मी 'अग्निगोल उल्का' असं लिहीन.

जमिनीपर्यंत पोचलेला दगड तो अशनी. मूळ अर्थ वज्र. लिंगाबद्दल वाद नको, अमरकोशातच तो पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही दिला आहे. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर दिसला तो अग्निगोल. नंतर चेबारकुल तलावातून काढलेला सुमारे ६५० किलोचा तुकडा हा अशनी. तिथे उजेड पाहायला लोक खिडक्यांशी गेले, आणि दोनेक मिनिटांनी पोचलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. आवाज उशिरा येतो तो असा.

'उल्कापात' एका उल्केलाही चालतो, पण त्यातला 'पात' फसवा आहे. क्षितिजाजवळ विझलेला गोळा टेकडीमागे पडल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो शेकडो किमी दूर असू शकतो. तेव्हा 'पडली' न लिहिता 'विझली' किंवा 'दिसेनाशी झाली' लिहा. ऑगस्टमधल्या ययाती किंवा डिसेंबरातल्या मिथुन तारकासमूहाच्या उल्कांसाठी 'उल्कावर्षाव' हा वेगळा शब्द आहेच.

आणि गोळा मिनिटभर रेंगाळत, तुकड्यांची रांग करत गेला असेल तर यातला एकही शब्द नको. तो बहुधा परतणाऱ्या रॉकेटचा किंवा उपग्रहाचा अवशेष. अग्निगोल काही सेकंदांतच संपतो.