पबला वारशाचा दर्जा कशासाठी?

प्रश्न : माझा भाचा बर्मिंगहॅमला असतो. तेथील नॉर्थफील्ड भागातील ‘ब्लॅक हॉर्स’ या पबची छायाचित्रे त्याने पाठविली. काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंती पाहून ती वास्तू चारशे वर्षांपूर्वीची वाटते. प्रत्यक्षात ती १९२९ च्या सुमाराची आहे. जुनेपणाची नक्कल, तीही मद्यगृहाची, वारसा म्हणून का जपायची? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ट्यूडर काळाची (सोळाव्या शतकातील इंग्लंडची) नक्कल आहे, हे खरेच, परंतु लाकडाचे कोरीव काम पाहिले, तर ती वरवरची नाही. १९४० मध्ये खुली झालेली आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाची इमारतही वास्तुविशारद हेन्री मेड यांनी जुन्या अभिजात घाटातच उभारली. तिला कोणी नकली म्हणत नाही.

खरे महत्त्व मात्र आतील रचनेचे आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या मद्यपानाने ब्रिटिश सरकार हैराण झाले आणि १९१६ मध्ये उत्तर इंग्लंडमधील कार्लाइल परिसरातील पब त्याने थेट ताब्यात घेतले. (शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी ठाऊक असणाऱ्यांना हा उपाय अजब वाटेल, पण ती व्यवस्था १९७३ पर्यंत टिकली.) तेथे हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने कोंदट, उभ्याने पिण्याच्या गुत्त्यांऐवजी उजेड, बैठक आणि जेवणाची सोय असलेले पब बांधले. खासगी मद्य-उत्पादकांनीही पुढे हाच कित्ता गिरविला. त्यामागे केवळ सदाचार नव्हता. परवाना देणारे दंडाधिकारी नव्या प्रशस्त पबला मंजुरी देताना जुन्या वस्तीतील परवाने परत मागत, आणि वाढत्या उपनगरांतील सहकुटुंब येणारे गिऱ्हाईकही मालकांना हवेच होते.

म्हणून अशा पबमध्ये कामगारांसाठी साधा ‘पब्लिक बार’, अधिक दर मोजणाऱ्यांसाठी ‘सलून’ किंवा ‘लाउंज’, शिवाय समारंभाची दालने असत. ‘ब्लॅक हॉर्स’च्या मागे तर ‘बोल्स’ या चेंडू घरंगळविण्याच्या खेळाचे हिरवळीचे मैदानही होते. कोणी कोणत्या दाराने आत शिरायचे, यातच त्या समाजाची उतरंड दिसते. पुढे बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती पाडून एकच मोठे दालन केले गेले, त्यामुळे मूळ मांडणी शाबूत असलेले पब दुर्मीळ झाले. २०१५ मध्ये ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या तेथील वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने दोन महायुद्धांमधील काळातील २१ पबना संरक्षित दर्जा मिळाल्याचे जाहीर केले, ते याच चिंतेतून. हा दर्जा अंतर्भागालाही लागू होतो. वास्तूचे स्वरूप बदलेल अशा रीतीने मधली भिंत पाडायची झाल्यास मालकाला आधी स्थानिक प्रशासनाची संमती घ्यावी लागते.