डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मोठा रीफ टँक कमी खर्चात बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये ५ बाय २ फुटाचा, अडीच फूट उंच रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, दीड लाखात बसेल का आणि पैसे नेमके कुठे वाचवायचे. मी ठाण्यात गेली सहा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक चालवतोय, हवामान तुमच्यासारखंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बजेटमध्ये होईल, पण आधी ती अडीच फूट उंची डोक्यातून काढा.

तुमच्या मापाच्या टँकमध्ये साधारण ७०० लिटर पाणी बसतं. खारं पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडं जास्तच भरतं, वर काच, दगड, स्टँड, खाली संप (फिल्टर आणि पंपाची दुसरी टाकी), म्हणजे टनभर वजन जेमतेम एक चौरस मीटर जागेवर येणार, आणि घरांचे स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो लोड धरून डिझाइन करतात. लगेच स्लॅब पडतो असं नाही, पण बीमला लागून, भिंतीकडेला ठेवायचा आणि आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवायचा, हा खर्च वाचवू नका. त्यापेक्षा ४ बाय २ बाय दीड फूट करा. ३४० लिटर पाणी, १० एमएम काच पुरते, मीठ निम्मं, लाइट कमी पॉवरचा चालतो कारण प्रकाशाला खोलवर जायचंच नसतं, आणि हात तळापर्यंत पोचतो, हे साफसफाई करताना कळेल. बघणाऱ्याला टँक लांबीरुंदीनेच मोठा वाटतो, उंचीचे पैसे मात्र काच, पाणी, लाइट सगळीकडे भरावे लागतात.

आता कोरल. इथे कायदा आहे आणि तो गंभीरपणे घ्या. दगडासारखा सांगाडा बनवणारे सगळे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत, पंख्यासारखं दिसणारं सी फॅन कोरलसुद्धा, आणि समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून जो पांढरा जाळीदार दगड मिळतो तो बहुतेक वेळा मेलेल्या कोरलचा सांगाडाच असतो, तोही चालत नाही. आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कोरल आहे, ज्याने स्नॉर्कल लावून ते एकदा पाहिलंय त्याला ते कुणीतरी तोडून पिशवीत भरून आणावं असं वाटणारच नाही. मी फक्त सॉफ्ट कोरल ठेवतो, म्हणजे तसा दगडी सांगाडा नसलेले, मशरूम, झोअँथिड, लेदर, तेही दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेले तुकडे घेऊन. बजेटला हे उलट फायद्याचं पडतं. या कोरलना कॅल्शियम, अल्कलिनिटीचं रोजचं डोसिंग लागत नाही, नियमित पाणी बदललं की भागतं, आणि महागडे लाइटही लागत नाहीत. एक सावधगिरी, झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असू शकतं, त्यांना हात लावताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा घाला आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्याच्या वाफेने अख्ख्या घराला हॉस्पिटल गाठावं लागू शकतं.

दगड मी घरी केले. मासे विकणाऱ्या मावशींकडून आणि घरच्यातून तिसऱ्यांची शिंपलं दोन महिने जमवली, धुऊन वाळवून गोणपाटात घालून हातोडीने चुरा केला, तीन-चार भाग चुरा, एक भाग सिमेंट, आणि भरपूर जाडं मीठ. मिठाचे खडे नंतर पाण्यात विरघळतात आणि त्यांच्या जागी भोकं राहतात, त्या भोकांतच बॅक्टेरिया राहतात, म्हणून मीठ टाकताना हात आखडू नका. गोळा ओल्या वाळूत दाबला की खडबडीत आकार येतो. पण सिमेंटचं पाणी सुरुवातीला इतकं अल्कधर्मी असतं की त्यात काही जगणार नाही, सहा-आठ आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, पीएच साडेआठच्या आत आला की मगच टँकमध्ये. माझे दगड पहिले चार महिने राखाडी, कुरूप दिसत होते. मग एका मित्राने त्याच्या टँकच्या काचेवरून खरवडलेली जांभळी कोरलाइन (दगडावर चढणारं कडक शेवाळ) आणून दिली, ती पाण्यात सोडली, आणि बऱ्याच दिवसांनी एका दगडाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका दिसला. आज तो दगड सिमेंटचा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

पाण्यात अजिबात काटकसर नको. नळाचं नको, टँकरचं तर मुळीच नको, आणि खाडीचं किंवा मुंबईच्या किनाऱ्याचं 'फुकट समुद्राचं पाणी' पण नको, पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो आणि बाकी काय मिसळलंय ते आपण बघतोच. घरचा आरओ असेल तर त्यातला मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बायपास करा आणि शेवटी उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक कार्ट्रिज जोडा, टीडीएस मीटरवर शून्य आला पाहिजे. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, ते नुसतं सोडियम क्लोराइड, रीफचं मीठ वेगळं येतं. लिटरला ३५-३६ ग्रॅम धरा, पहिल्या भरणीला संपसकट १४-१५ किलो लागेल आणि नंतर महिन्याला ५० लिटर बदललंत तर दोन किलोच्या आत. खारटपणा १.०२५ (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) ठेवायचा, रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या साधनाने मोजून. पाणी उडून जातं पण मीठ जात नाही, त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच, यात भले भले चुकतात.

संप म्हणजे जुना तीन फुटी टँक आणि आत सिलिकॉनने चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या. जुना टँक घेताना एकच प्रश्न विचारा, यात कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का, टाकलं असेल तर सोडून द्या. पंप बंद झाल्यावर वरचं जेवढं पाणी खाली येतं तेवढी रिकामी जागा संपमध्ये ठेवा, पहिल्याच दिवशी प्लग काढून तपासा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतील. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि लाइट सेकंडहँड चालतात. हीटर घेऊच नका, आपल्याकडे गरज नाही.

कारण आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. रीफला २५-२६ डिग्री लागतं, २८ पर्यंत सॉफ्ट कोरल सोसतात, आणि मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये रात्रीसुद्धा ३० असतं. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यायला महाग आणि चालवायलाही महाग. स्वस्तातला उपाय म्हणजे पाण्यावर तिरके फॅन, एक लिटर पाणी उडालं की जवळपास पाऊण युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं, दिवसाला चार लिटर उडालं तर चोवीस तास शंभरेक वॉट उष्णता काढल्यासारखं. मी फॅन लावले, टेंपरेचर तीन डिग्री उतरलं, खूश झालो. मग मेमध्ये चार दिवस गावी गेलो, चोरांच्या भीतीने सगळ्या खिडक्या लावून. बंद हॉलमध्ये फॅननी उडवलेली वाफ तिथेच साठली, हवा इतकी दमट झाली की पाणी उडायचंच थांबलं, फॅन फिरत होते पण थंड काहीच होत नव्हतं. परत आलो तेव्हा दार उघडताच वास आला, मीटरवर ३२.८, आणि तीन वर्षं वाढवलेला लेदर कोरल, जेवणाच्या ताटाएवढा, दगडावरून ओघळून पडला होता, हात लावला तर बोटाला साबणाच्या फेसासारखा लागला. तो दिवस मी विसरू शकत नाही. दोष फॅनचा नव्हता, वाफ बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून टँक अशा भिंतीला लावा जिथून खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन जवळ आहे, आणि एक्झॉस्ट टेंपरेचर कंट्रोलरला जोडा, कंट्रोलर काही फार महाग नसतो. एप्रिल-मेमध्ये लाइटची वेळ रात्री करा, संध्याकाळी सहा ते दोन, दिवसाच्या उन्हात लाइटची उष्णता वाढवायची नाही. तरी हॉल पश्चिमेचा असेल आणि दुपारचं ऊन येत असेल तर चिलरचे पैसे बाजूला ठेवा, तिथे फॅनवर भागणार नाही.

वीजबिल पण धरा. लाइट १२० वॉट आठ तास म्हणजे एक युनिट, संपमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप दिवसाला एक युनिट, टँकमधलं पाणी हलवणारा वेव्हमेकर, स्किमर आणि फॅन मिळून दीड, म्हणजे महिन्याला शंभर-एक युनिट. तुमचं आत्ताचं बिल २५० युनिटचं असेल तर टँकमुळे महावितरणचा ३०० चा स्लॅब ओलांडाल आणि वरचे युनिट महाग पडतील, वर्षाचा हिशेब त्याने बदलतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर ठेवा, १५ वॉटवर दिवसभर आरामात चालतो, ऑक्सिजनला तेवढं पुरतं.

मासे पहिल्या वर्षी तीन-चारच. क्लाउनफिश हॅचरीत पैदास केलेलेच घ्या, आपल्याकडे आता ते मिळतात, ते पेलेट खायला शिकलेले असतात आणि समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा खूप बरे टिकतात. त्यांना ॲनिमोन लागतोच असं नाही, माझी जोडी एका लेदरमध्येच झोपते. निळा टँग मागू नका, तो फूटभर वाढतो, चार फुटात त्याला पोहायला जागाच नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा. नोव्हेंबरात पाणी आणि दगड, एक कच्ची कोळंबी जाळीच्या पिशवीत टाकून सायकल चालू, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढवायचे, अमोनिया चढतो, मग नायट्राइट, दोन्ही शून्यावर यायला चार-सहा आठवडे जातात, तेवढ्यात फक्त टेस्ट किट वापरा, मासा आणू नका. जानेवारीत क्लाउनची जोडी, फेब्रुवारीत पहिला मशरूम, म्हणजे मे येईपर्यंत फॅन, एक्झॉस्ट आणि टॉपअप यांचा तुम्हाला हात बसलेला असेल. आणि तुमच्या हॉलची खिडकी कुठल्या दिशेला आहे तेवढं खाली लिहा, त्यावरून चिलर लागेल की नाही ते सांगतो.