हाताने सोडला की छान तरंगणारा बूस्ट ग्लायडर मोटरवर लूप का घेतो?

बूस्ट ग्लायडर म्हणजे रॉकेट मोटरवर वर जाऊन, मोटरचा भाग (पॉड) टाकून देऊन खाली तरंगत येणारा ग्लायडर. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४५ सेंमी पंखांचा बाल्साचा ग्लायडर हाताने सोडला तर सुरेख तरंगतो, पण ए८ ही छोटी रॉकेट मोटर लावून सोडला की वर जाताजाता पाठीवर वळतो आणि परभणीजवळच्या वावरात नाक खुपसतो. मोटर बदलावी का?

मोटर बदलू नका. दोष मुख्यतः शेपटीच्या कोनात आहे, आणि हाताने कितीही वेळा फेकलं तरी तो दिसणार नाही.

तरंगताना असा ग्लायडर सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने जातो. ए८ त्याला ४०च्या आसपास नेऊन ठेवते. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग आठपट झाला की जोर ६४ पट. नाक खाली जाऊ नये म्हणून तुम्ही शेपटीची मागची कड थोडी वर वाकवली असणार, सगळेच तसं करतात. पंख आणि शेपटी यांच्यातला हा कोनाचा फरक ५ मीटरला नाक सावरून धरतो. तोच ४० मीटरला अख्खा ग्लायडर पाठीवर टाकतो.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये दाबकेंद्र, म्हणजे हवेचा एकूण जोर जिथे लागतो तो बिंदू, काढण्याची पद्धत मांडली, त्यावर आपण सगळे रॉकेट शिकलो: गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, दाबकेंद्राच्या किमान नळीच्या एका व्यासाइतका पुढे ठेवा, रॉकेट सरळ जाईल. रॉकेटचे पंख सगळ्या बाजूंनी सारखे असतात, म्हणून तिथे स्थिर म्हणजेच सरळ. ग्लायडरला वरची-खालची बाजू वेगळी असते. तो पूर्ण स्थिर राहूनही लूप घेऊ शकतो, कारण त्या वेगाला, त्या कोनाला लूप हाच त्याचा स्थिर मार्ग असतो. म्हणून नुसतं 'स्थिर आहे का' एवढं तपासून भागत नाही.

आता तुमचीच मापं घेऊ. पंखाची रुंदी ८ सेंमी, क्षेत्रफळ ३६० चौ. सेंमी. शेपटी २० बाय ४, म्हणजे ८० चौ. सेंमी, पंखापासून २० सेंमी मागे. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी: हे ०.५६ येतं. उत्तम आहे, शेपटी मोठी करायची गरज नाही. एवढ्या शेपटीला ग्लायडरचा तटस्थ बिंदू (सीजी याच्या मागे गेला तर ग्लायडर अस्थिर होतो) पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे ४४ मिमीवर येतो. सीजी त्याच्या पुढेच हवा. ३६ मिमीवर ठेवलात तर अंतर ८ मिमी, म्हणजे रुंदीच्या १० टक्के. मी ४० मिमीवर, ५ टक्क्यांवर ठेवेन. सीजी जितका मागे, तितका शेपटीला कोन कमी लागतो, आणि आपल्याला नेमका तोच कमी करायचा आहे.

ग्लायडर २० ग्रॅमचा धरा. मोटर, कागदी नळी, नाक आणि रिबन मिळून पॉड २५ ग्रॅम. हा पॉड पंखाच्या पुढच्या कडेच्या १०० मिमी पुढे बसवला तर दोघांचा मिळून सीजी त्या कडेच्याही ३८ मिमी पुढे जातो. तटस्थ बिंदूपासूनचं अंतर ४ मिमीवरून ८२ मिमी झालं, वीसपट. पंखाची उचल त्याच प्रमाणात दबते: ६४ पट जोर, भागिले २०, उरते तरंगतानाच्या साधारण तिप्पट. एवढं चालतं, कमान थोडी वाकडी येते, लूप नाही. पॉड पंखाच्या जवळ चिकटवलात तर हा फायदा हातातून जातो. तुमच्या वर्णनावरून तुमचं तेच झालंय.

पॉड छोट्या खांबावर, दांडीच्या वर बसवा. धक्क्याची रेषा, म्हणजे मोटर ज्या रेषेत ढकलते ती, सीजीच्या वरून गेली की नाक किंचित खाली दाबलं जातं आणि उरलेली उचल काही अंशी मारली जाते. वर आहे म्हणून झोत दांडीवरून जातो, तिथे ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा आणि उभं शेपूट दांडीच्या खाली लावा.

कोनाबद्दल आग्रहाने सांगतो. या ग्लायडरला फरक हवा फक्त अर्ध्या अंशाचा. ४ सेंमी रुंदीच्या शेपटीत तो ०.३५ मिमी होतो: वहीच्या तीन-चार पानांची जाडी. डोळ्याने अंदाज करू नका, शेपटीखाली कागदाचे तुकडे सारून मोजा. ग्लायडर नाक खाली घालत असेल तर शेपटी वाकवू नका, नाकातली माती खरवडून वजन कमी करा. नंतर जरा खाली तोंड करून जोरात फेकून बघा. आपणहून सावरला तर सीजी बरोबर. सूर मारतच राहिला तर फार मागे गेलाय.

गोल फिरण्यासाठी रडर (उभ्या शेपटाची मागची कड) वळवू नका, मोटरवर ते गिरकी देतं. आडवी शेपटी मागून पाहताना किंचित तिरकी चिकटवा. पंखांची टोकं प्रत्येकी ३-४ सेंमी वर उचललेली पुरेत.

पॉडचा हूक सैल हवा. ग्लायडर नाक वर करून धरला की पॉड आपल्या वजनाने घसरून पडला पाहिजे. स्टँडवर मात्र सळईची नळी पॉडलाच लावायची, म्हणजे ग्लायडर पॉडवर टेकून राहतो. मोटर विझल्यापासून पॉड सुटेपर्यंतचा विलंब लहान घ्या, ए८-३ (तीन सेकंदांचा) ठीक; उंच जाऊन उलटा फिरल्यावर पॉड सुटला तर उंची वाया जाते.

मोटर तयार, प्रमाणित, विकत घेतलेलीच वापरा. दिवाळीच्या बाणातली दारू ठासण्याचा विचारही नको, बोटं जातात. पेटवणं विजेवर, निदान ५ मीटर लांबून. आपल्याकडे ज्वारी निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये रान मोकळं मिळतं, पण धसकटं वाळलेली आणि कडब्याच्या गंजी जवळ असतात. म्हणून नांगरलेलं वावर निवडा, मालकाला विचारा, पाण्याची घागर शेजारी ठेवा आणि सकाळी उडवा. ऊन चढलं की वावटळी सुटतात, मग २० ग्रॅमचा ग्लायडर शेजारच्या शिवारात शोधावा लागतो.

पॉड पुढे सरकवून, शेपटी कागदावर मोजून पुन्हा उडवा आणि पॉडसह आणि पॉडशिवाय असे दोन्ही सीजी मिलिमीटरमध्ये इथे लिहा. तरीही वळला तर कोणत्या बाजूला आणि मोटर जळत असताना की विझल्यावर, एवढं नीट पाहून सांगा. त्यावरून धक्क्याची रेषा बदलायची की पंखात पीळ आहे ते कळेल.