जुने फोटो स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर छापायचे आहेत. किती डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवू आणि कशात सेव्ह करू?

छापताना इंचाला 300 पिक्सेल मिळाले की घरच्या प्रिंटला भरपूर झाले. म्हणजे 4×6 इंचासाठी 1200×1800 पिक्सेल. मूळ फोटो त्याच मापाचा असेल तर 300 डीपीआयवर स्कॅन पुरतं. लांबी-रुंदीत दुप्पट मोठा करायचा असेल तर 600. आजोबांचा पासपोर्ट साइज फोटो मोठा करून फ्रेम करायचा असेल, तर सरळ 1200 वर घ्या. कमी डीपीआयवर घेतलेला स्कॅन नंतर कितीही ताणला तरी चेहऱ्यातले बारकावे येत नाहीत.

कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, पिवळे डाग नंतर काढायला सोपं जातं. आणि आधी काच पुसा! एक केस राहिला तरी तो नेमका गालावर उमटतो.

पहिली फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा आणि तिला हात लावू नका. क्रॉप, उजेड, डाग काढणं हे सगळं तिच्या कॉपीवर, आणि काम संपल्यावर एकदाच जेपीईजी. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.

नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पिक्सेल कमी होतात.