टीचर म्हणतात घरी इंग्लिश बोला: माझं मत, जरा सविस्तर

मुलगा साडेतीन वर्षांचा, प्रीस्कूलमध्ये गप्प बसतो, घरी "आई मला वॉटर दे" असं बोलतो, टीचर म्हणतात घरी इंग्लिशच बोला आणि मिस्टर म्हणतात की दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, तर नक्की काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथे न्यू जर्सीत बरीच वर्षं प्रीस्कूलमध्ये शिकवतेय, दर सप्टेंबरला अशी मुलं वर्गात येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मेंदूचं. तल्लख म्हणजे लोक ज्याबद्दल बोलतात ते एक्झिक्युटिव्ह फंक्शन, म्हणजे मनात आलेलं लगेच न करता थांबणं, नियम लक्षात ठेवणं, नियम बदलला की आपणही बदलणं. लहान मुलांना चित्रांची कार्डं देतात, आधी रंगाप्रमाणे लाव, मग म्हणतात आता आकाराप्रमाणे लाव, आणि तीन वर्षांची बरीच मुलं नवा नियम तोंडाने सांगतात तरी हात मात्र जुन्याच नियमाने चालतो. टोरांटोच्या संशोधक एलेन बायलिस्टॉक यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चायनीज-इंग्लिश बोलणारी मुलं यात एकच भाषा बोलणाऱ्या मुलांच्या पुढे होती, आणि तिथून ही गोष्ट सगळीकडे पसरली. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या साडेचार हजार मुलांचा डेटा तपासला तेव्हा असा काही फायदा दिसलाच नाही. मध्ये २००८ चा एक अभ्यास आहे तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यात स्पॅनिश-इंग्लिश बोलणारी बालवाडीतली मुलं कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या घरातली होती तरी अशा चाचण्यांच्या नुसत्या मार्कांत एकभाषी मुलांच्या बरोबरीला होती, आणि हा फरक हिशोबात धरल्यावर पुढे निघाली. म्हणजे घरची परिस्थिती, आईवडलांचं शिक्षण, मुलाला भाषा किती येते हे सगळं त्यात गुंतलेलं असतं, त्यामुळे मेंदूच्या फायद्यासाठी म्हणून मराठी ठेवू नका, तो मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही.

पण म्हणून मराठी सोडायची? अजिबात नाही! या वयात मूल स्वतःला आवरायला शिकतं ते बोलण्यातूनच, "थांब, आधी बूट घाल, मग बाहेर", "राग आलाय ना, सांग मला काय झालं", आणि हे तुम्ही ज्या भाषेत सहज, भरभरून बोलता त्याच भाषेत नीट होतं. अडखळत बोललेल्या इंग्लिशमधून त्याला निम्मं पण मिळणार नाही.

भाषा मिसळतो त्याची काळजी नको, दोन भाषांतली जवळपास सगळीच मुलं करतात. नुसते इंग्लिश शब्द मोजले तर तो मागे दिसेलच, मायामीतल्या स्पॅनिश-इंग्लिश बाळांवरच्या १९९३ च्या अभ्यासात दोन्ही भाषांचे शब्द एकत्र मोजल्यावर ती बाकीच्यांच्या बरोबरीची निघाली. वर्गातलं गप्प राहणं पण नवीन भाषा ऐकणाऱ्या मुलांत काही महिने चालतं. मात्र मराठीतसुद्धा वाक्यं होत नसतील, सांगितलेलं कळत नसेल, तर थांबू नका, कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दोन्ही भाषा तपासायला सांगा.

इंग्लिश तर शाळेतून येणारच आहे, जाते ती घरची भाषा. बेल्जियममध्ये आईवडलांपैकी निदान एकाची भाषा तिथल्या भाषेहून वेगळी आहे अशा १,८९९ कुटुंबांचा सर्व्हे झाला होता, जवळपास पाव घरांत मुलं घरची भाषा बोलतच नव्हती. दोघं आईवडील घरात तीच बोलतात तिथे ती जास्त टिकते, त्यामुळे मिस्टरांनी पण मराठीत बोलायला हवं.

आणि खेळा हो त्याच्याशी! चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड, किंवा शिवाजी म्हणतो हात वर. म्हशीला हात वर न करणं हे या वयात खरंच अवघड असतं, आणि थांबायचा सराव तोच आहे.

टीचरना त्याच्या रोजच्या मराठी शब्दांची इंग्लिश अक्षरांत एक चिठ्ठी द्या: पाणी, शू, दुखतंय, भूक, आई कधी येणार. माझ्याकडे पालक अशी चिठ्ठी देतात तेव्हा पहिल्या आठवड्यातलं रडणं बरंच कमी होतं.